धागा: ‘डॉक्टर हू’मधला इतिहास आणि आपलं घर

२३ नोव्हेंबर १९६३ला बीबीसीवर ‘डॉक्टर हू’ ही काळात मागेपुढे फिरणाऱ्या डॉक्टरची मालिका सुरू झाली, तेव्हा डॉक्टरसोबत दोन शिक्षक होते. इयन विज्ञानाचा, बार्बरा इतिहासाची. मुलांना इतिहास कळावा हा हेतूच होता. त्यातला कुठला काळ तुमच्या मनात घर करून बसलाय? सोलापूरकरांनो, सविस्तर लिहा.

विजापूर रोडवरून
‘डीमन्स ऑफ द पंजाब’. २०१८चा भाग, लेखक विनय पटेल. डॉक्टरसोबत फिरणाऱ्या यास्मिनची नानी तिला फुटकं घड्याळ देते, पण त्याची गोष्ट सांगत नाही. म्हणून यास्मिन ऑगस्ट १९४७मध्ये जाते. तिथं नानीचं पहिलं लग्न, प्रेम नावाच्या हिंदू मुलाशी, आणि त्याच्यावर उलटलेला त्याचा सख्खा भाऊ.

माझी आजी नळदुर्गकडची. रझाकारांच्या काळात बैलगाडीतून सोलापूरला आली, एवढंच आम्हाला ठाऊक. १९४८चं काही विचारलं की म्हणायची, “कशाला उकरतीस ते?” हा भाग मी तिला शेजारी बसवून, थांबवत थांबवत, मराठीत सांगत दाखवला. प्रेम वाचला तर यास्मिनचा जन्मच होणार नाही. ती पाठ फिरवून चालू लागते आणि मागून गोळीचा आवाज येतो. आजी उठली. ट्रंकेतून अडकित्ता काढून आणला, एक दांडी वाकलेला. “निघताना कनवटीला एवढाच होता,” म्हणाली. मग रात्री दोनपर्यंत बोलत होती. ते इथं लिहीत नाही, ते तिचं आहे.

नववीला इतिहास शिकवते
बार्बरा माझी लाडकी. १९६४च्या ‘द ॲझ्टेक्स’मध्ये लोक तिला देवी समजतात आणि ती नरबळी थांबवायला जाते. डॉक्टर बजावतो, इतिहासाची एक ओळही बदलता येत नाही. वर्गात हे सांगितलं, तर मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, “मग मॅडम, चार हुतात्म्यांनाबी वाचवता येणार नाही का?” १२ जानेवारी १९३१, येरवड्यात फाशी. धनशेट्टी, सारडा, शिंदे, कुर्बान हुसेन. त्यांच्या नावाच्या चौकातून रोज शाळेला येणारी मुलं ही. मला फळ्याकडे वळावं लागलं.

अक्कलकोट रोड एमआयडीसी
मालिकेतल्या ‘मार्को पोलो’ या गोष्टीचे सातही भाग हरवलेत. प्रेक्षकांनी घरी टेपवर धरून ठेवलेला आवाज तेवढा उरलाय. बहुतेक भागांचं दिग्दर्शन लखनौत जन्मलेल्या वारिस हुसेन यांचं. टॉवेलच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलो की दिवा न लावता ऐकतो. कानात माग घुमत असतात, तरी गोबीच्या वाळवंटातलं वादळ ऐकू येतं.

मॅडमना
त्या मुलाला २००८चा पाँपेईचा भाग दाखवा. ते रोमन शहर वाचत नाही, इ.स. ७९मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटतोच. पण डॉक्टरसोबतची डोना रडत हट्ट धरते, सगळे नको, कुणाला तरी वाचव. डॉक्टर परत फिरतो आणि एक कुटुंब बाहेर काढतो.

नववीला इतिहास शिकवते
शनिवारी सकाळची शाळा असते. प्रोजेक्टर सांगून ठेवलाय.