हेड ऑफिसला सगळ्या प्रोजेक्टांचा मिळून एकच आकडा पाहिजे, तुम्ही कसा काढता?

फिल्डवाला_यवतमाळ
नमस्कार मंडळी. एका मदतसंस्थेत आहे, नाव नाही सांगत. 2023 च्या जुलैत महागाव तालुक्यात पूर आला तेव्हापासून आमचं इकडे काम चालू आहे, पहिले किट वाटल्या, मग विहिरी साफ केल्या, आता परसबागेचं बियाणं देणं सुरू आहे. परवा वरून मेल आला की देशभरातले सगळे प्रोजेक्ट मिळून "किती लोकांच्या आयुष्यात बदल झाला" हा आकडा मार्चच्या आत पाहिजे. ओडिशातल्या चक्रीवादळाचं काम अन आमचं काम एकाच एक्सेलमध्ये. आता अडचण पहा, एकच बाई आमच्या तीन याद्यांत आहे, किटच्या यादीत नवऱ्याच्या नावानं, पाण्याच्या यादीत स्वतःच्या नावानं अन बियाण्याच्या यादीत बचत गटातून. वरून फॉर्मवर "कुटुंब गुणिले पाच" असं छापूनच आलं आहे, इथं चार माणसांचं घर भेटलं तरी पुष्कळ. बेरीज केली तर गावच्या लोकसंख्येपेक्षा लाभार्थी जास्त निघतात. काय करावं?

एमआयएसवाली_ताई
दादा, हे सगळीकडेच आहे, घाबरू नका. पोहोच (किती लोकांपर्यंत मदत गेली) आणि बदल (त्यानं काय फरक पडला) एका खान्यात टाकूच नका. पोहोचीसाठी साधा नियम: एका गावात तीन कामं असतील तर तिन्हींची बेरीज नाही करायची, ज्या कामाची यादी सगळ्यात मोठी तोच आकडा धरायचा. थोडा कमी येतो पण कोणी खोटं पाडू शकत नाही. जमलं तर रेशन कार्डच्या नंबरवरून डुप्लिकेट काढा, आधार मागू नका, मदत देताना आधारचे झेरॉक्स गोळा करून ऑफिसच्या कपाटात ठेवणं मला तरी पटत नाही. आणि पाचच्या जागी तुमच्याच सर्वेतली सरासरी टाका, खाली तसं लिहून द्या.

बदलाचं म्हणाल तर लोकांची बेरीज करण्यापेक्षा किती प्रोजेक्टांनी ठरलेलं माप गाठलं ते मोजा. मापं आहेतच की. स्फिअरमध्ये (मदतकार्याची जगभर वापरली जाणारी किमान मानकं) माणशी रोज किमान 15 लिटर पाणी आहे, अतितीव्र कुपोषणाच्या उपचारात बरे होणारे 75 टक्क्यांच्या वर, मृत्यू 10 च्या खाली, अर्ध्यात सोडणारे 15 च्या खाली. ओडिशातलं केंद्र असो की धारणीतलं, माप एकच. मग वर सांगता येतं की इतक्यांपैकी इतक्या ठिकाणी जमलं, इतक्या ठिकाणी नाही जमलं. (नाही जमलं हे लिहायला मात्र वरच्यांची छाती लागते.)

मेळघाटचा_गडी
ताई बराबर बोलून रायल्या पण मी एक सांगतो भाऊ. आमच्याकडं घर गळते म्हणून ताडपत्र्या वाटल्या, महिन्यानं पाहाले गेलो तं निम्म्या ताडपत्र्या सोयाबीनच्या गंजीवर. फॉर्मात प्रश्न काय, "ताडपत्री निवाऱ्यासाठी वापरली का, हो/नाही". लिहा मग नाही. रिपोर्टात प्रोजेक्ट फेल. अन ते बाई म्हणे, छतावर जुनं प्लास्टिक टाकलं न बाप्पा, गंजी भिजली असती तं वर्षभर खाल्लं काय असतं? आता सांगा, हे फेल हाये का पास? हेड ऑफिसच्या एक्सेलमंदी याले खानाच नाई. म्हणून म्हणतो, वाटपानंतरच्या पाहणीत "कायले वापरली अन काऊन" हा एक उघडा प्रश्न ठेवाच, उत्तरायचे गट पाडायले (कोडिंग) तरास होते तं होऊ द्या.

गडचिरोलीकर
"आयुष्यात बदल झाला" हे सिद्ध करायचं तर तुलना लागते. आमच्या जिल्ह्यात सर्च या संस्थेनं घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली त्याचं उदाहरण घ्या, 39 गावांत काम आणि 47 गावं तुलनेला, दोन्हीकडचे जन्म-मृत्यू वर्षानुवर्षं नोंदवले, तेव्हा कुठे 1999 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात बालमृत्यू घटल्याचं छातीठोक सांगता आलं. पुरात तुम्ही कोणाला ताडपत्री न देता तुलनेसाठी ठेवणार का? आणि पंचनामा होऊन सरकारची मदत आली असेल, पोरगं पुण्याहून पैसे पाठवत असेल, त्यातलं तुमचं किती? ऑक्सफॅम जीबी या ब्रिटनच्या मदतसंस्थेनं यावर वाट काढली होती, सगळे प्रोजेक्ट मोजायचे नाहीत, पूर्ण होत आलेल्यांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखे काही निवडायचे आणि तेवढेच खोलात तपासायचे. चिठ्ठी महत्त्वाची बरं, नाहीतर साहेब लोक आपापले चांगले प्रोजेक्टच पुढे करतात.

पैशाचा प्रश्न येईल. देणगीदार सीएसआरवाला (कंपनीचा सामाजिक जबाबदारीचा निधी देणारा) असेल तर विचारा, 2021 च्या नियमांनी मोठ्या कंपन्यांना (सीएसआरची सरासरी जबाबदारी 10 कोटी किंवा जास्त) 1 कोटी आणि वरच्या प्रोजेक्टांचं त्रयस्थाकडून इम्पॅक्ट असेसमेंट (परिणामांची तपासणी) करावंच लागतं, तेही प्रोजेक्ट संपून निदान वर्ष झाल्यावर. तुमचं बियाण्याचं काम 1 कोटीच्या खालचं असेल तर त्याला ते लागू नाही, त्यामुळे त्याची सक्ती दाखवून तुम्हाला कोणी दामटत असेल तर नियम काढून दाखवा.

फिल्डवाला_यवतमाळ
धन्यवाद सगळ्यांना. सगळ्यात मोठ्या यादीचा नियम लावून पाहिला, आकडा निम्म्याच्याही खाली आला, मॅनेजर म्हणतात मागच्या वर्षीपेक्षा कमी कसा दाखवायचा. मागच्या वर्षीचाही त्याच नियमानं काढून दोन्ही शेजारी ठेवतो आता. ताडपत्रीवाला प्रश्न पुढच्या पाहणीत घेतो, पण एक सांगा, उत्तरं वऱ्हाडीत, कोलामीत येतील, ती फॉर्मात मराठीत घालायचं काम फिल्डच्या पोरांनीच करायचं की ऑफिसात?

मेळघाटचा_गडी
फिल्डच्या पोरांनीच, अन त्याच दिवशी. कोलामी घरी कोलामी येणारं पोरगंच पाठवजा. ऑफिसात आलं की सगळ्याचं उत्तर "समाधानी" होते.