वादळानंतर घरात पाणी नव्हतं तेव्हा काय केलंत? अनुभव लिहा

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आम्ही गावीच होतो, श्रीवर्धन तालुक्यात, लॉकडाऊन असल्यामुळे मुंबईची माणसंही घरात. उडालेली कौलं, आडव्या झालेल्या नारळी-पोफळी याबद्दल बरंच लिहून आलं आणि ते यायलाच हवं होतं, पण पाण्याचं फारसं कुणी लिहिलं नाही. विहिरीत पाणी, पाऊस तोंडावर, आणि घरात मात्र तांब्याभर पाण्याला महाग! कारण खांब पडले की लाईट गेली, लाईट गेली की पंप बंद, आणि हाताने पाणी काढायची सोय आपण कधीच मोडीत काढलेली. पुढच्याच वर्षी तौक्ते आलं, म्हणजे हे पुन्हा होणार. म्हणून कुणी काय केलं ते एका जागी असू दे. बारीकसारीक लिहा, दोर कुठून आणला, प्यायचं पाणी कसं केलं, संडासाला काय वापरलं, सगळं. सुरुवात मीच करते.

आमच्या विहिरीवर पूर्वी रहाट होता, वाडीचं शिंपणं त्याच्यावरच चालायचं, आता नुसते दगडी खांब उरलेत. मामंजींनी पडलेल्या पोफळीचंच खोड त्या खांबांवर आडवं टाकलं आणि माळ्यावरची जुनी कप्पी त्याला बांधली. पण पोहरा पाण्यापर्यंत जाईना कारण विहिरीत झावळ्या आणि पाला गच्च, मग गळ टाकून एकेक झावळी वर ओढली, त्यात अख्खी सकाळ गेली. दोर म्हणून गुरांचं नायलॉनचं दावं जोडून घेतलेलं, ते ओल्या हातात सटकतं आणि तळवे सोलवटतात. आत्येसासूबाई म्हणाल्या, "दर हातभर अंतरावर गाठ मार गो, आणि गाठींमधे जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळ." तसं केल्यावर मग नीट ओढता यायला लागलं. पाणी चहासारखं तांबूस आणि कुजक्या पाल्याचा वास, तुरटी फिरवून, फडक्याने गाळून, उकळून प्यायलो. चुलीला लाकूड मात्र दारातच पडलेलं होतं.

अंजर्ल्याजवळून, ता. दापोली

आमच्या गावात नळपाणी योजना आहे, पण टाकीत पाणी चढवायचं तर वीज हवी आणि ती यायला खूप दिवस लागले. शेवटी वाडीतल्यांनी वर्गणी काढून जनरेटर भाड्याने आणला, टेम्पोत घालून एका वाडीतून दुसऱ्या वाडीत फिरायचा, तासावर पैसे. ज्यांच्या विहिरीवर जनरेटर त्यांच्या अंगणात सगळी आळी हंडे, कळश्या, पिंपं, रंगाचे डबे घेऊन हजर, आणि त्याच वायरीवर मोबाईल चार्जिंगला. रेंज नव्हती तरी लोक चार्ज करत होते, टॉर्चसाठी. डिझेल मिळवणं हे एक वेगळंच काम होऊन बसलं, कारण रस्त्यात झाडं पडलेली. एक गोष्ट आवर्जून सांगतो, आमच्याकडे आधी म्हाताऱ्या माणसांची घरं भरायची असं ठरलं होतं आणि ते पाळलं गेलं. ज्या दोन आज्या एकट्या राहतात त्यांच्याकडे पोरं न सांगता हंडे नेऊन ठेवायची.

भांडी कमीत कमी पडावीत म्हणून केळीच्या फाटक्या पानांवर जेवलो, केळी आडव्याच झाल्या होत्या.

अलिबाग, फ्लॅटमधे राहणारी

आमचं वेगळं दुखणं. खाली सोसायटीच्या टाकीत पाणी भरलेलं आणि वर गच्चीवरची टाकी कोरडी. झाकण उघडून बादली सोडायची आणि जिन्याने तिसऱ्या मजल्यावर, कोरोनाची भीती म्हणून मास्क लावून आणि एका वेळी एकाच घरातलं माणूस. माझं बाळ तेव्हा लहान, लंगोट धुवायचेच लागायचे. धुण्याचं शेवटचं पाणी वेगळ्या बादलीत, ते संडासाला. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी फरशीला. ही सवय अजून गेलेली नाही आणि जाऊही नये असं वाटतं.

म्हसळा तालुका, ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक होतो

वरच्या ताई उकळून प्यायल्या ते उत्तम, पण वादळानंतर विहिरीत पाला, पक्षी, वाहून आलेली घाण सगळंच असतं, म्हणून आधी उपसा आणि मग टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर. लोक पावडर तशीच मुठीने विहिरीत टाकतात, तसं करू नका. बादलीत आधी थोडं पाणी घालून लापशी करायची, मग पाणी वाढवून ढवळायचं, चुना खाली बसू द्यायचा. वरची निवळी तेवढी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली दोराने विहिरीत सोडायची आणि खालीवर, आजूबाजूला हलवायची म्हणजे सगळीकडे मिसळतं. चुन्याचा गाळ विहिरीत नको. त्यानंतर तासभर कुणी पाणी काढायचं नाही. पावडर किती ते विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली यावर ठरतं, आम्ही दोराला दगड बांधून खोली मोजायचो. मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची चाचणी, नळीत पाणी घेऊन थेंब टाकले की पिवळं झालं पाहिजे. पिवळं नाही झालं तर पुन्हा डोस. त्या दिवसांत बायका बाटली घेऊन स्वतः यायच्या, "भाऊ, आमचं पिवळं होतंय का बघा", तेव्हा खरंच बरं वाटायचं. आणि टीसीएलचं पोतं दमट जागी उघडं ठेवू नका, त्यातला क्लोरीन उडून जातो आणि नुसता चुना उरतो.

म्हापसा, गोवा

तौक्तेच्या वेळी, १६ मे २०२१. लाईट नाही, नळ नाही आणि घरी कोविडचा पेशंट, त्याचे कपडे-भांडी वेगळी धुवायची. शेजारच्यांची बांय (विहीर) होती म्हणून निभावलं. त्यांनी गेटला कुलूप लावलं नाही, रात्रीसुद्धा. एवढंच लिहिते.

ऑस्टिन, टेक्सास

आमचं वादळ बर्फाचं, फेब्रुवारी २०२१. आधी वीज गेली, मग घर इतकं गार पडलं की भिंतीतले पाईप गोठले, कित्येकांचे फुटले, मग पाण्याचं प्रेशरच गेलं आणि शहरभर पाणी उकळून वापरा अशी नोटीस निघाली. आता उकळायचं कशावर, शेगडी विजेची! ज्यांच्याकडे गॅस होता त्यांच्याकडे आजूबाजूची मराठी, तेलुगू, मेक्सिकन घरं पातेली घेऊन जायची. दारातला बर्फ वितळवला तर अख्ख्या पातेल्याचं तळाशी बोटभर पाणी होतं, त्यामुळे ते फक्त फ्लशसाठी, आणि तेही फ्लशच्या टाकीत न ओतता थेट कमोडच्या भांड्यात एकदम जोराने. दोन गोष्टी सगळ्यांनी करून ठेवाव्यात: वादळाची सूचना आली की बाथटब भरून ठेवणे, आणि मीटरपाशी मेन व्हॉल्व्ह कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला माहीत असणे. आमच्याकडे तो बंद करायला लांब दांड्याची किल्ली लागते, शेजाऱ्यांकडे ती होती म्हणून छत कोसळायचं वाचलं.

मालवण तालुका

कप्पी कुठे मिळाली ताई? आमच्याकडे तौक्तेला तीच अडचण, मोटर पाण्यात आणि काढायला काही नाही. आता लावून घ्यायची आहे.

(धागा सुरू करणारी)

आमची जुनी होती दादा, पण लोखंडी कप्पी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. घेताना दोर सोबत न्या आणि खोबणीत बसवून बघा, पातळ दोर बाजूला सरकून मधेच अडकतो आणि भरलेला पोहरा अर्ध्यावर लटकतो. आत्येसासूबाई म्हणतात काथ्याचा जाड दोर घ्या, हाताला बरा, पण वापर नसेल तेव्हा कोरडा करून वर टांगून ठेवावा लागतो, नाहीतर कुजतो. आणि विहिरीवर जाळी असेल तर पोहरा जाईल एवढं झाकण आत्ताच कापून घ्या, वादळात वेल्डर मिळत नाही.