कॅम बदलताय तर टॅपेटही नवेच घ्या
मूळ कार्बोरेटर आणि मूळ कॉम्प्रेशन ठेवून ३०० अंश ड्युरेशनचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा; ड्युरेशन म्हणजे क्रँक किती अंश फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो) बसवायचं तुम्ही म्हणताय. रोजच्या गाडीत मी तरी तो बसवणार नाही. त्याने ओव्हरलॅप, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ, वाढतो; तो वाढला की आयडलला (गाडी उभी असताना इंजिन मंद चालतं तेव्हा) इनटेकमधला व्हॅक्यूम घटतो, गाडी खालच्या आरपीएमला मरगळते. ब्रेक बूस्टर असेल तर तोही त्याच व्हॅक्यूमवर चालतो! २६०-२७० अंश पुरे. जेटिंग (कार्बोरेटरमधून जाणाऱ्या पेट्रोलचं प्रमाण) मात्र पुन्हा तपासावं लागेल.

आणि टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) सपाट असतील तर जुने टॅपेट नव्या कॅमवर अजिबात नकोत. असेंब्ली लूब (जोडणीच्या वेळी लावायचं घट्ट वंगण) लावा, झिंक भरपूर असलेलं ऑइल भरा आणि इंजिन सुरू होताच साधारण २० मिनिटं २००० ते २५०० आरपीएमवर ठेवा. आयडलवर सोडलंत तर कॅमचे लोब (उंचवटे) तिथेच घासून जातात.