कॉलेजची अभ्यास सहल जाफन्याला न्यावी का?

इतिहासाच्या मॅडम, राजारामपुरी

आमच्या बी.ए.च्या मुलांची अभ्यास सहल यंदा श्रीलंकेला न्यायचं चाललंय. कोलंबो एका दिवसात उरकायचं आणि बाकीचे दिवस उत्तरेत, जाफना, किलिनोच्ची, मुल्लैतिवू. १९८३ ते २००९ असं सव्वीस वर्षं तिथं सरकारी सैन्य आणि वेगळं तमिळ राज्य मागणारे तमिळ वाघ (एलटीटीई) यांच्यात युद्ध चाललं. त्यानंतर सिंहली आणि तमिळ माणसं एकमेकांशेजारी कशी राहतात, हा अभ्यासाचा विषय. पालकसभेत निम्म्या लोकांनी विरोध केला. "पोरांना दुसऱ्याचं सुतक बघायला कशाला नेताय?" असं एक जण म्हणाले, आणि त्या वाक्यानं मला रात्रभर झोप लागली नाही.

तरी मला वाटतं, न्यावं. जाफन्याचं सार्वजनिक ग्रंथालय १९८१ मध्ये जाळलं गेलं. सुमारे ९७ हजार पुस्तकं गेली, त्यात ताडपत्रांवरची जुनी हस्तलिखितंही होती. आज ती पांढरी इमारत पुन्हा उभी आहे आणि आत मुलं अभ्यासाला बसतात. कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरात बसून परीक्षेची तयारी करणाऱ्या आमच्या पोराला त्या वाचनालयात एक तास बसू दे. मी वर्गात चार तास बोलून जे पोचत नाही, ते तिथं पोचेल.

शिरोळचा पाटील

मॅडम, तुमचा हेतू चांगला आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण माझा विरोध आहे. माझे थोरले चुलते भारतानं श्रीलंकेत पाठवलेल्या शांतिसेनेत होते, १९८७ ला तिकडं गेले. तिथं आपले अकराशेहून जास्त जवान पडले. चुलते परत आले, पण अजून लग्नाच्या वरातीत फटाका वाजला की ओसरीवरनं उठून आत जातात. त्यांच्याजवळ बसून "आबा, तिथं काय झालं?" असं आजवर कुणी विचारलं नाही. आमच्या तालुक्यात अशी किती घरं आहेत! ती सोडून तुम्ही समुद्रापार निघालाय.

आणि तिथं आपल्या जवानांबद्दल लोक काय बोलतील ते पोरं ऐकणार. ऐकून गावात आली की चुलत्यांकडं कुठल्या नजरेनं बघायची?

इतिहासाच्या मॅडम, राजारामपुरी

पाटीलदादा, हाच प्रश्न मलाही टोचतो, म्हणून लपवून बोलत नाही. ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफन्याच्या हॉस्पिटलात रुग्ण, डॉक्टर आणि नर्स मारले गेले. तिथले लोक त्याचा दोष भारतीय सैन्याला देतात, मारल्या गेलेल्यांची आठवण दरवर्षी काढतात. जाफन्याजवळ पलालीला आपल्या जवानांचं स्मारकही आहे. मुलांनी दोन्हीकडं डोकं टेकवावं. आपण तिथं त्रयस्थ पाहुणे नाही, हे कळलं तर सहलीचं सार्थक झालं.

टी.वाय.चा विद्यार्थी

मी या सहलीत नाव दिलंय, पण एक शंका आहे. समेट झालाय असं धरून आपण निघतोय का? किलिनोच्चीत युद्धात बेपत्ता झालेल्या माणसांच्या आया २०१७ पासून फोटो घेऊन धरणं धरून बसल्या. युद्धाच्या शेवटी मुळ्ळिवायक्कालला मारल्या गेलेल्या तमिळ माणसांचं जाफना विद्यापीठातलं स्मारक जानेवारी २०२१ मध्ये पाडलं, मुलांनी आंदोलन केलं तेव्हा पुन्हा बांधलं. मेच्या १८ तारखेला तमिळ घरांत युद्धातल्या उपासमारीची आठवण म्हणून कांजी वाटतात, तांदूळ, पाणी आणि मीठ, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी सरकारी कार्यक्रमात सैन्याच्या विजयाची आठवण होते. आणि ज्या मुस्लिम कुटुंबांना तमिळ वाघांनी ऑक्टोबर १९९० मध्ये उत्तरेतून हाकललं, ७० हजारांहून जास्त माणसं, जाफन्यात तर दोन तासांची मुदत दिलेली, त्यांना कोण भेटणार? कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नाव नाही. ते घालावं, ही विनंती.

गांधीनगरचा दुकानदार

एवढं लांब कशाला? कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला केएमटीच्या बसनं जाता येतं. १९४३ ते १९४८ या काळात तिथं पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. ते गेले आणि त्याच बराकींत फाळणीनं उखडलेली आमची सिंधी माणसं आली. माझे आजोबा त्यातलेच. लहानपणी इथं राहिलेले पोलिश लोक म्हातारपणी मुद्दाम परत आले, आपल्या बराकीची जागा शोधत फिरले. महावीर उद्यानात त्यांचा स्तंभ आहे. पोरं तिथं सेल्फी काढतात, पण वरची अक्षरं वाचत नाहीत. आधी ते वाचायला शिकवा.

आजीची नात, सध्या पुणे

गांधीहत्येनंतर १९४८ ला आपल्या भागात ब्राह्मणांची घरं जळली, कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळला. एका खेड्यातलं माझ्या आजीचं घरही त्यात गेलं. ती मरेपर्यंत त्या गावाला गेली नाही.

मागच्या दिवाळीत मी गेले. घराच्या जागी आता गोठा आहे. एक म्हातारे आजोबा चालत आले, काठीनं जोत्याचा एक दगड दाखवून म्हणाले, "हितं तुमची तुळस हुती." मग घरातनं तांब्या आणून पाणी दिलं. ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. एवढ्यासाठी मी सहलीच्या बाजूची आहे. पण मॅडम, एक कराल? मुलांना सांगा, तिथं कुणालाही "तुम्ही माफ केलंत का?" असं विचारायचं नाही. कुणी आपणहून तुळस दाखवली तर बघायची.

शिरोळचा पाटील

ताईंचं वाचून काल रात्री चुलत्यांजवळ बसलो. सहलीला माझा विरोध अजून तसाच आहे. पण मॅडम, पोरांना घेऊन रविवारी दहानंतर या, असा त्यांचा निरोप आहे. पाचापेक्षा जास्त पोरं नकोत आणि मोबाईल ओसरीवर ठेवायचे.