तालमीच्या वेबसाइटवर आधी काय दिसावं : दांडपट्टा की वर्गाची वेळ?

पेठेतला (धागाकर्ता)

कोल्हापुरातल्या आमच्या तालमीत मर्दानी खेळाचे, म्हणजे लाठी, तलवार, दांडपट्टा चालवायचे, वर्ग चालतात. मी लाठी धरायला तिथेच शिकलो, आता नोकरीसाठी पुण्यात असतो. तालमीची वेबसाइट नव्यानं करायचं काम वस्तादांनी माझ्यावर सोपवलंय. आराखडा केला, पण तालमीतल्या थोरांशी पटेना, म्हणून इथे मांडतो.

आताची साइट कुणीतरी हौसेनं करून दिलेली आहे. उघडली की काळा पडदा, तलवारी भिडल्याचा आवाज, आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीचा व्हिडिओ आपोआप सुरू. वर्गाची वेळ आहे, पण ती एका पोस्टरच्या फोटोत. फ्लेक्ससाठी केलेलं पोस्टर तसंच चिकटवलंय. मोबाइलवर दोन बोटांनी मोठं करायला गेलं की अक्षरं फुटतात.

मागे गावी गेलो तेव्हा शेजारच्या वहिनींच्या हातात फोन दिला. त्यांना मुलीला तालमीत घालायचंय, वय नऊ. म्हटलं, मुलींचा वर्ग किती वाजता आणि फी किती, एवढंच शोधा. मी गप्प बसून बघत होतो. तलवारींचा आवाज आला तशी त्यांनी दचकून फोन पदराखाली धरला, आत बाळ झोपलं होतं. मग ‘आमच्याविषयी’ दाबलं, तिथे तालमीचा इतिहास. ‘गॅलरी’ दाबलं, तर फोटो उतरता उतरेनात. शेवटी फोन परत देत म्हणाल्या, “भावजी, तुम्हीच सांगा की किती वाजता असतं ते.”

त्या दिवशी माझं ठरलं. साइट हवी ती तालमीच्या उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या माणसासाठी. आत आलेल्यांना सगळं ठाऊकच असतं.

आराखडा असा: वर भगवी पट्टी, त्यावर पांढऱ्या अक्षरांत तालमीचं नाव. खाली, बोट न सरकवता दिसेल असं वय, वार, वेळ, फी, नकाशा, आणि फोन व व्हॉट्सॲपची दोन मोठी बटणं. फोटो एकच, वस्ताद शिकवतानाचा. व्हिडिओ तळाशी, दाबला तरच सुरू होणारा. आधी मराठी, मग इंग्रजी. यात काय चुकतंय, मोकळेपणानं सांगा.

पट्टेकरी

बाळ, तुझी तळमळ कळते, पण तू तालमीची शिकवणी करून टाकलीस. वय, वेळ, फी. मग आमच्यात आणि नाक्यावरच्या गणिताच्या क्लासात फरक तो काय राहिला?

मी चाळीस वर्षं पट्टा फिरवतोय. २०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान मिळाला, तरी आपल्याच राज्यातली पोरं तो बघून विचारतात, ही कुठली तलवार? कोपरापर्यंत हात झाकणारी मूठ असते, आत मनगट वळत नाही, म्हणून पट्टा खांद्यातून आणि अख्ख्या अंगातून फिरवावा लागतो. हे वाचून कुणाला कळणार? बघावंच लागतं. २०२२ मध्ये हरयाणात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत पंजाबचा गटका होता, मणिपूरचा थांग-ता होता, केरळचं कलरीपयट्टू होतं. आपला मल्लखांबही होता, त्याचा आनंदच आहे. मर्दानी खेळ नव्हता. कलरीचं एक चित्र दाखवलं तर देशभर माणूस नाव सांगतो. आपलं कोण सांगणार? म्हणून माझं म्हणणं, साइट उघडली की आधी पट्टा फिरताना दिसलाच पाहिजे.

आणि फी पहिल्या पानावर नको. माझ्या वस्तादांनी माझ्याकडून कधी पैसा घेतला नाही.

पेठेतला

काका, पट्टा दिसू नये असं मी म्हणतच नाही. वहिनींना वेळ सापडेपर्यंत तो आडवा येऊ नये, एवढंच. मिरवणुकीतल्या व्हिडिओत तसाही पट्टा कमी आणि गुलाल जास्त दिसतो.

अक्षरवेडी

मी पोटापाण्यासाठी वेबसाइटच करते. दादा, तुमची मांडणी मला पटली, रंग नाही पटले.

भगव्यावर पांढरी अक्षरं आपल्याकडे सगळीकडे दिसतात, पण ती उन्हात वाचता येत नाहीत. डोळ्यांना वाटतं म्हणून नाही, मोजून सांगते. तिरंग्यातला केशरी म्हणून वेबवर सर्रास वापरतात तो रंग घेतला तर पांढऱ्याशी त्याचं उजेडाचं प्रमाण (कॉन्ट्रास्ट, जितकं जास्त तितकं वाचायला सोपं) साधारण २.१ ला १ येतं. वेबवरच्या सुलभतेचे जे जागतिक निकष आहेत, ते साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ मागतात आणि मोठ्या अक्षरांना ३ ला १. म्हणजे तालमीचं नाव कितीही मोठं लिहिलं तरी भागत नाही. त्याच भगव्यावर काळी अक्षरं घ्या, प्रमाण जवळजवळ १० ला १ होतं. भगवा तोच राहतो आणि साठीतल्या आजोबांनाही वाचता येतं. जुन्या साइटवर काळ्यावर गडद मरून रंगाची अक्षरं असतील तर तीही काढा, तिथेही प्रमाण २ च्या आसपासच येतं.

दुसरं, देवनागरीचं. इंग्रजी शीर्षकं ऐसपैस दिसावीत म्हणून अक्षरांत अंतर वाढवायची सवय असते. मराठीत ते केलं की शिरोरेषा तुटते आणि ‘तालीम’ची तीन तुकड्यांत चाळण होते. ओळींतलं अंतरही इंग्रजीच्या मापानं ठेवू नका, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. मुक्तासारखा फुकट मिळणारा चांगला टंक (फॉन्ट) घ्या. तालमीचा इतिहास श्रीलिपीच्या जुन्या टंकात टाइप केलेला असेल तर तो आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोनवर दिसणाऱ्या अक्षरांत, आणा, नाहीतर चिकटवल्यावर नुसती चिन्हं उमटतील.

पोस्टरच्या फोटोबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. आंधळ्या माणसाचा फोन ते भरवशानं वाचून दाखवत नाही.

रीलवाला

मला हा सगळा खटाटोपच पटत नाही. माझ्या भावाच्या लाठीच्या वर्गाला साइट नाही. इन्स्टावर रील टाकतो, लोक मेसेज करतात, वर्ग भरतो. होस्टिंगचे, म्हणजे साइट ठेवायच्या जागेचे, पैसे दरवर्षी कशाला घालवायचे? त्यात चार लाठ्या येतील.

पेठेतला

रीलनं लोक येतात, मान्य. पण मे महिन्यात वेळ बदलली की मार्चच्या रीलमधली जुनी वेळ तशीच फिरत राहते. आमच्याकडे एक बाई इचलकरंजीहून पोराला घेऊन संध्याकाळी आल्या, वर्ग सकाळचा झालेला. वेळ एकाच जागी लिहिलेली हवी आणि रीलनं त्या जागेकडे बोट दाखवावं.

ठाण्याची आई

तुमची चर्चा सकाळपासून वाचतेय. वेळ आधी की पट्टा आधी, यावर तुम्ही भांडताय. मी मुलीला घालायचा विचार करते तेव्हा माझा पहिला प्रश्न या दोन्हींत नाही. माझ्या मुलीच्या हातात पहिल्या दिवशी काय देणार? धार असलेलं शस्त्र कोणत्या वयात? शिकवायला बाई आहे का? कपडे बदलायला जागा आहे का? लागलं तर जवळ कोण असतं? हे कुठेच लिहिलेलं नसतं. उलट फोटो असतो तो सात वर्षांच्या पोराच्या हातात लखलखतं पातं. मी तिथेच साइट बंद करते.

आणि मुलांचे फोटो. आधीच्या एका कराटे क्लासनं परीक्षेनंतर माझ्या मुलीचा फोटो साइटवर टाकला, खाली पूर्ण नाव आणि शाळेचं नाव. मला विचारलं नव्हतं. काढा म्हटलं, तर साइट करणारा मुलगा क्लास सोडून गेलेला आणि पासवर्ड फक्त त्याच्याकडे. तीन महिने तो फोटो तिथेच होता. तीन महिने मी रोज झोपायच्या आधी उघडून बघायचे, गेला का. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची सगळी मुलं बालकच आहेत आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची खात्रीलायक संमती लागते. पण कायदा राहू द्या. आईला आधी विचारायचं, एवढंच मागते.

पेठेतला

ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या गॅलरीतही मुलांची नावं आहेत, ती आज रात्रीच काढतो. पुढे फोटो प्रौढांचे, किंवा मुलांचे पाठमोरे, बिननावाचे. डोमेन (साइटचा पत्ता) आणि पासवर्ड तालमीच्या ईमेलवर ठेवतो आणि वस्तादांच्या वहीत लिहून देतो, म्हणजे मी उद्या नसलो तरी अडणार नाही. आणि वेळेच्या लगेच खाली ‘पहिला दिवस’ असा मजकूर घालतो.

पट्टेकरी

ठाण्याच्या ताई, तुमच्या प्रश्नांची उत्तरं मी देतो, साइटवर तीच घालू दे याला. पहिल्या दिवशी हात रिकामे. आधी पाय, पवित्रा, दम. मग उंचीच्या मापाची वेताची लाठी. पात्याला हात लावायला आमच्याकडे काही वर्षं जातात, आणि सरावाचं पातं बोथटच असतं. मुलींना माझी लेक शिकवते. पोरांच्या हातात लखलखतं पातं देऊन काढलेला फोटो आमच्याही साइटवर आहे, आणि तो मीच हौसेनं काढला होता. काढून टाक रे तो.

पण फीचं माझं मत बदललेलं नाही.

पेठेतला

काका, फी लिहिली नाही तर गरिबाला वाटतं, न परवडण्याइतकीच असणार. तो फोनच करत नाही. ‘महिना इतके रुपये, ज्याला जमत नाही त्यानं वस्तादांना भेटावं, पैशावाचून कुणी परत जात नाही’ असं स्पष्ट लिहू. तुमच्या वस्तादांचीच रीत आहे ही.

पट्टेकरी

दुसरं वाक्य आधी लिही, रुपये नंतर. मग विचार करीन.

आणि पट्ट्याचा व्हिडिओ तळाशी ढकलणार असशील तर मिरवणुकीतला नको. रविवारी सकाळी ये, मातीत उभा राहून अर्ध्या मिनिटाचा नीट काढू, आवाजाशिवाय. विट्याचाही फोटो काढ. विटा म्हणजे दोरी लावलेला भाला, फेकून परत ओढायचा. दोरी मनगटाला कशी घेतात ते दिसेल इतक्या जवळून काढ. त्याखालच्या चार ओळी मी सांगतो, तू टाइप कर.

अक्षरवेडी

काका, त्या चार ओळी फोटोवर छापू नका, फोटोच्या खाली खऱ्या अक्षरांत. आणि दादा, साइट झाली की पुन्हा वहिनींच्याच हातात फोन द्या. या वेळी भर दुपारी, अंगणात.