कौतुक झालं की काय म्हणावं? तरुण संघासाठी मदत हवी आहे

सर्वांना प्रभू येशूच्या नावात सलाम.

आमच्या मंडळीत पेटी वाजवणारा एक मुलगा आहे, फार गोड हात आहे त्याचा. उपासना सुटली की आज्या त्याच्या गालावरून हात फिरवतात आणि तो मान खाली घालून पुटपुटतो, "माझं काही नाही, सगळं प्रभूचं." परवा त्यानेच विचारलं, "ताई, रियाज तर मी केला. मग हे मी मनापासून म्हणतो की म्हणायचं म्हणून?"

मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. शनिवारी तरुण संघात यावरच बोलायचंय. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 12 व्या अध्यायातला राजा हेरोद, ज्याने लोकांचा जयघोष स्वतःकडेच ठेवला, आणि 14 व्यातले प्रेषित पौल-बर्णबा, लुस्त्र गावात लोक त्यांना देव समजून बैल नि हार घेऊन आले तेव्हा ज्यांनी आपली वस्त्रं फाडली, हे समोरासमोर ठेवणार आहे. पण ही टोकाची उदाहरणं झाली. रोजच्या शाबासकीला 1 करिंथ 4:7 (तुला मिळालेलं नाही असं तुझ्याजवळ काय आहे?) जास्त लागू पडतं, असं माझं मत. देणगी मिळालेली आहे हे मानलं की मेहनत नाकारावी लागत नाही.

तुम्ही मुलांना काय शिकवता? साधं "धन्यवाद" म्हणून नंतर एकांतात प्रार्थनेत देवाला गौरव द्यावा, की तिथेच बोलून दाखवावं? आणखी कोणती वचनं घेऊ? पाळकांनी, संडे स्कूलच्या शिक्षकांनी जरूर लिहा.