पार्कूरची राष्ट्रीय संघटना काढायची आहे, आधी काय करावं?

भिंतवेडी

नमस्कार मंडळी.

मी नऊ वर्षं पार्कूर करतेय, त्यातली पाच वर्षं शिकवतेही. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: भिंती, कठडे, जिने, रेलिंग यांवरून धावत, उड्या मारत, चढत-उतरत एका जागेहून दुसऱ्या जागी पोचायचं, कुठलंही साधन न वापरता. देशात आमचे अकरा गट आहेत. नोंदणी एकाचीही नाही. वर्षातून एकदा दोन दिवसांचा जॅम, म्हणजे एकत्र सरावाचा मेळावा होतो तेव्हा सगळे भेटतात, बाकी सगळा कारभार व्हॉट्सॅपवर.

चार महिन्यांपूर्वी माझ्या वर्गातल्या सतरा वर्षांच्या मुलाचं मनगट मोडलं. उडी साधी होती, त्याने शंभरदा मारलेली. त्या दिवशी कठडा ओला होता आणि मी हात फिरवून पाहिला नव्हता. मुलगा आता बरा आहे. पण त्याची आई मला भेटायला आली आणि आवाज न चढवता तिने एवढंच विचारलं, "तुम्हाला शिकवायला परवानगी कोणी दिली?" माझ्यापाशी उत्तर नव्हतं. प्रमाणपत्र नाही, विमा नाही आणि तिला माझी तक्रार करायची असती तर ती कुठे करायची, तेही मला सांगता आलं नसतं. तेव्हापासून राष्ट्रीय संघटनेचा विषय डोक्यातून जात नाहीये.

अडचणी अशा. एका जिम्नॅस्टिक्स संघटनेचं आम्हाला पत्र आलंय की पार्कूर आता त्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाकडे आहे, तेव्हा खेळाडूंची नोंदणी त्यांच्याकडे करावी. दुसरं, एक वजनदार गृहस्थ अध्यक्ष व्हायला तयार आहेत. नोंदणी, कार्यालय, प्रायोजक सगळं बघतो म्हणतात, आमच्यातले निम्मे लोक त्यावर खूश आहेत. आणि तिसरं म्हणजे आमच्यातल्याच जुन्या लोकांना स्पर्धा नकोत, त्यामुळे संघटनाही नको.

कोणी असं काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

चकतीवाला

ताई, मी अल्टिमेट खेळायचो, चकतीचा खेळ. आमची राष्ट्रीय संघटना आम्ही सात जणांनी काढली आणि पहिली सहा वर्षं मी सरचिटणीस होतो. त्या सहा वर्षांत जे चुकलं त्यातलं बरंचसं माझ्या सहीने चुकलं, म्हणून सविस्तरच लिहितो.

घटना आम्ही एका रात्रीत लिहिली. खरं तर दुसऱ्या एका खेळाच्या संघटनेची घेतली आणि खेळाचं नाव बदललं. तिच्यात मतदानाचा हक्क 'संलग्न संघटनां'ना होता आणि संलग्न कोणाला करायचं ते कार्यकारिणी ठरवणार होती. तेव्हा कार्यकारिणी म्हणजे आम्हीच, त्यामुळे ते कलम कोणालाच खटकलं नाही. चौथ्या वर्षी, निवडणुकीला तीन आठवडे उरले असताना, सहा नव्या संघटना संलग्न झाल्या. लेटरहेड होतं, शिक्का होता. खेळणारा संघ एकीपाशीही नव्हता. नवे अध्यक्ष त्या सहा मतांवर निवडून आले. संलग्नतेच्या कागदांवर सरचिटणीस म्हणून सही माझी. त्या गृहस्थांनी सरावाला कायमचं मैदान मिळवून देतो असा शब्द दिला होता आणि मला ते मैदान फार हवं होतं.

खेळणारे गट बाहेर पडले, त्यांनी समांतर संघटना काढली. जागतिक स्पर्धेला एकाच देशाचे दोन प्रवेशअर्ज गेले. आंतरराष्ट्रीय महासंघाने कळवलं, आधी आपसात मिटवा. मिटायला दोन वर्षं लागली. वीस वर्षांखालच्या संघात आमच्या सहा मुली होत्या, त्या दोन वर्षांत सहाही जणींचं वय उलटून गेलं. त्यातली एक अजून मला सणावाराला फोन करते. त्या स्पर्धेचा विषय ती काढत नाही, मीही काढत नाही.

अल्टिमेटमध्ये पंच नसतो. फाउल झाला की दोन्हीकडचे खेळाडूच बोलून ठरवतात, जागतिक स्पर्धेतसुद्धा. त्या सवयीमुळे आम्हाला वाटायचं की सभेतही असंच बोलून भागेल, इतकं काटेकोर लिहायची गरज काय. मैदानावर समोरच्यालाही खेळायचंच असतं म्हणून तिथे भागतं. सभेत बसलेल्या प्रत्येकाला खेळायचं असतंच असं नाही.

म्हणून अध्यक्ष कोण हा प्रश्न आत्ता उचलूच नका. मत कोणाला, हे आधी लिहून काढा. वर्षभर नियमित सराव चालू असलेल्या आणि हजेरीपट दाखवू शकणाऱ्या गटालाच मत. निवडणुकीआधीच्या सहा महिन्यांत आलेल्या नव्या सभासदाला त्या निवडणुकीत मत नाही. काही जागा थेट खेळाडूंच्या, त्यांनीच निवडलेल्या. कोणत्याही पदावर सलग दोनच मुदती. आणि संलग्नता नाकारली तर दाद कोणाकडे मागायची तेही त्याच कागदावर. हे लिहिताना ते वजनदार गृहस्थ डोळ्यांपुढे आणू नका, स्वतःला आणा. दहा वर्षांनी तुम्ही थकल्या असाल, तुमचं चुकत असेल आणि ते तुम्हाला पटत नसेल, तर तुमच्या विद्यार्थ्यांना तुम्हाला बाजूला करता येईल का? आमच्या घटनेत ते शक्य नव्हतं.

आता पत्राबद्दल. त्यांचं म्हणणं हवेतलं नाही. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने २०१७ मध्ये पार्कूर आपल्याकडे घ्यायच्या हालचाली सुरू केल्या, २०१८ च्या बाकू अधिवेशनात त्यावर शिक्कामोर्तब केलं आणि २०२२ मध्ये टोकियोत पहिली जागतिक स्पर्धा भरवली, वेग आणि फ्रीस्टाइल अशा दोन प्रकारांत. याला विरोध असलेल्या काही देशांतल्या पार्कूर संघटनांनी २०१७ मध्येच 'पार्कूर अर्थ' नावाची संस्था उभी केली. म्हणजे संलग्नता कोणाकडून घ्यायची हा खराच पेच आहे. ऑलिंपिक सनदेनुसार कुठल्याही देशाची ऑलिंपिक समिती एका खेळाला एकाच राष्ट्रीय महासंघाची मान्यता देऊ शकते. त्या महासंघाचं प्रत्यक्ष आणि सातत्याने चालणारं खेळाचं काम असायला हवं आणि तो मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय महासंघाशी संलग्न हवा. यातली पहिली अट तुम्ही आज पुरी करता, दुसरी ती जिम्नॅस्टिक्स संघटना.

दोन उदाहरणं सांगतो. स्नोबोर्डवाल्यांचा स्वतःचा आंतरराष्ट्रीय महासंघ होता, तरी ऑलिंपिकमध्ये तो खेळ स्की महासंघाच्या हाती गेला. त्या काळचा सगळ्यात नावाजलेला स्नोबोर्डर, नॉर्वेचा तेर्ये हाकोन्सन, १९९८ च्या नागानो ऑलिंपिकला गेलाच नाही. त्याचा निषेध जगभर गाजला, पण २००२ मध्ये बंद पडला तो स्नोबोर्डवाल्यांचाच महासंघ. क्लाइंबिंगचं उलट झालं. भिंतीवरच्या स्पर्धा आधी गिर्यारोहकांच्या जुन्या महासंघाकडे होत्या. त्या महासंघाने स्वतःहून हात मोकळे केले, २००७ मध्ये फ्रँकफर्टला स्वतंत्र महासंघ झाला आणि चौदा वर्षांनी तो खेळ टोकियो ऑलिंपिकमध्ये होता. माझ्या मते पत्राला नकार पाठवू नका, होकारही नको. भेटायला बोलवा. पण त्याआधी तुमचे अकरा गट एका कागदावर आलेले असू द्या, नाहीतर ते अकरा जणांशी वेगवेगळं बोलतील.

हिशेबनीस

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी दोन क्रीडा संघटनांचे हिशेब तपासले आहेत, त्यातून थोडी भर. संघटनेच्या नावाने बँक खातं उघडेपर्यंत कोणाकडूनही एक पैसा घेऊ नका, प्रायोजकाकडून तर नाहीच. सह्या दोघांच्या, आणि ते दोघे एकाच गटातले किंवा एकाच घरातले नकोत. प्रत्येक सभेचं इतिवृत्त आठ दिवसांत सर्व सभासदांना. भांडण कोर्टात गेलं की आठवणींना किंमत राहत नाही, ठरावाच्या वहीला राहते.

तक्रारीचं मात्र ताईंनी बरोबर ओळखलंय आणि लोक ते शेवटी ठेवतात. लहान मुलं शिकत असतील तर तक्रार ऐकणारी व्यक्ती कार्यकारिणीच्या बाहेरची हवी. अमेरिकेत जिम्नॅस्टिक्समध्ये प्रशिक्षकांविरुद्धच्या लैंगिक शोषणाच्या तक्रारी संघटनेच्या फायलींतच पडून राहत होत्या. २०१६ मध्ये एका वृत्तपत्राने ते बाहेर काढलं तेव्हा कुठे लॅरी नासर या संघाच्या डॉक्टरविरुद्ध मुली उघडपणे बोलू शकल्या. तिथे संघटना होती, पैसा होता, पदकंही होती.

पहाटउडी

मी त्या 'जुन्या लोकां'पैकी. भिंतवेडी मला ओळखते.

स्पर्धा नको यामागे आमचा हट्ट नाही. फ्रान्समधल्या लिस गावात पार्कूरचा जनक दाविद बेल आणि त्याचे सवंगडी हे सगळं करत होते तेव्हा समोर प्रतिस्पर्धी नव्हता, अडथळा होता. मी मुलांना पहिलं शिकवतो ते उडी न मारणं. कठड्यावर उभं राहायचं, अंतर बघायचं आणि आज नाही म्हणून खाली उतरायचं. गुण आले, घड्याळ आलं, की खाली उतरणारं पोर हरलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मोबाइलवर चित्रण सुरू झालं आणि त्याच पोरांच्या उड्या महिन्याभरात हातभर लांबल्या. टाच काँक्रीटवर आपटते, गाद्यांवर नाही.

शिवाय नियम दुसऱ्यांच्या हातात गेले की खेळाचा आकारच बदलतो. टोकियोत क्लाइंबिंगच्या तिन्ही प्रकारांना मिळून एकच पदक ठेवलं होतं, वेगाने चढणाऱ्यालाही बोल्डरिंग, म्हणजे बुटक्या भिंतीवर दोराशिवाय अवघड चढाई, करावंच लागलं. पॅरिसला २०२४ मध्ये वेगाचा प्रकार वेगळा काढला, पण पदकं मोजूनच द्यायची म्हटल्यावर हे असं होणार.

तरीही त्या मुलाच्या आईचा प्रश्न वाचून मी दोन दिवस अस्वस्थ आहे. तिला उत्तर द्यायचं तर संघटना लागेल, हे मान्य. ब्रिटनमध्ये २००९ मध्ये राष्ट्रीय संस्था झाली आणि पार्कूरला खेळ म्हणून अधिकृत मान्यता मिळाली ती जानेवारी २०१७ मध्ये. आपल्यालाही इतकी वर्षं लागली तर लागू देत. पहिली तीन वर्षं फक्त प्रशिक्षकांची पात्रता, विमा आणि अपघातांची नोंद, स्पर्धा नाही, असं घटनेत लिहिणार असाल तर माझा गट येईल.

भिंतवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. पहाटउडी, तुम्ही याल असं मला खरंच वाटलं नव्हतं.

काल रात्री सात गटांशी बोलले. चौघांना चकतीवाला काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्या गृहस्थांना मी आज सकाळी फोन करून सांगितलं की अध्यक्षपद निवडणुकीनेच भरलं जाईल आणि निवडणूक होईल ती घटनेचा मसुदा मंजूर झाल्यावर. ते म्हणाले, मग तेव्हा बघू. गटाच्या ग्रुपवर आता बरीच नाराजी आहे, पण कोणी बाहेर पडलेलं नाही.

एक शंका. हजेरीपट असलेल्यालाच मत म्हटलं तर आमच्यातले दोन गट आज बाद होतात. दोन्ही फक्त मुलींचे आहेत. त्यांना मोकळ्या जागी सराव करू देत नाहीत म्हणून त्यांचा सराव तुटक चालतो. त्यांना बाहेर ठेवून मला घटना लिहायची नाही. आणि अट सैल केली तर लेटरहेडवाले आत येतील.

चकतीवाला

अट सैल करू नका, आजच्या अकराही गटांची नावं संस्थापक सभासद म्हणून घटनेतच लिहा. त्यांना हजेरीपटाची अट दोन वर्षांनी लागू होईल. त्या दोन वर्षांत या दोन गटांना बंदिस्त जागा शोधून देणं हे संघटनेचं काम, तसा ठराव पहिल्याच सभेत घ्या. नव्याने येणाऱ्यांना मात्र पहिल्या दिवसापासून अट. मसुदा झाला की इथे टाका, हिशेबनीसही बघतील. मतदानाचं कलम मी शब्दन् शब्द वाचून देतो.